पोलिओच्या थेंबांचा बदलता हिशोब

तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लशीतला विषाणू मेलेला नसतो, जिवंतच असतो. फक्त त्याची नांगी मोडलेली असते. बाळाच्या आतड्यात तो काही आठवडे वाढतो, शौचावाटे बाहेर पडतो आणि तेवढ्यात शरीराला खऱ्या विषाणूची ओळख करून देतो. लशीची ताकद यात आहे, आणि खोटही यातच. वाढता वाढता विषाणू बदलतो आणि क्वचित एखाद्या मुलात पुन्हा मूळ स्वभावावर जाऊन त्याचा पाय लुळा पाडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने, पहिल्या डोसाच्या सुमारे 27 लाख मुलांमागे असं एक. हे दडवण्यात काहीच अर्थ नाही.

मात्र हा आकडा मोठा की छोटा, हे समोर रोग किती आहे त्यावर ठरतं. 2009 मध्ये भारतात पोलिओचे 741 रुग्ण सापडले होते. तेव्हा थेंब टाळणं हाच मोठा जुगार होता. 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात शेवटचा रुग्ण नोंदला गेला, 2014 मध्ये देश पोलिओमुक्त ठरला आणि हिशोब उलटला. रोगच उरला नाही म्हटल्यावर लशीपायी आलेलं एक अपंगत्वही जास्तच. पोलिओ विषाणूच्या प्रकारांपैकी मूळचा टाइप 2 तर 1999 नंतर जगात दिसलाच नव्हता, उलट लशीतून उद्भवणाऱ्या साथींत सर्वांत मोठा वाटा लशीतल्या टाइप 2चाच होता. म्हणून एप्रिल 2016 मध्ये तो थेंबांतून वगळला. त्याआधीच, नोव्हेंबर 2015 पासून, मृत विषाणूचं इंजेक्शन सुरू झालं होतं; पुढे ते दंडावर, कातडीतल्या कातडीत, जेमतेम 0.1 मिली दिलं जाऊ लागलं. मृत विषाणू मूळ स्वभावावर जाण्याचा प्रश्नच नाही.

मग थेंब बंदच का करत नाहीत? इंजेक्शन लुळेपणा टाळतं, पण आतड्यात विषाणूला तितकंसं अडवत नाही. मूल धडधाकट दिसतं आणि विषाणू गटारात जात राहतो. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात मूळ विषाणू अजून आहे, त्यामुळे ही ढाल इतक्यात खाली ठेवता येत नाही. टाइप 2 काढल्यानंतर आफ्रिकेतल्या अनेक देशांत त्याच्याच साथी आल्या, याकडे टीकाकार बोट दाखवतात. नियोजन फसलं हे मान्यच. पण बदललेल्या विषाणूला वाट मिळाली ती लस न पोचलेल्या मुलांतून.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर वाटतो: भारतात दरवर्षी हजारो मुलांना अचानक लुळेपणा येतो, तो थेंबांमुळेच. डोस जास्त तिथे असे रुग्ण जास्त, असं काही अभ्यासकांनी दाखवलंही आहे. पण जिथे डोस जास्त दिले, तिथेच शोधही कसून घेतला गेला. पंधरा वर्षांखालच्या प्रत्येक लुळ्या मुलाची नोंद व्हावी, कारण कोणतंही असो, अशीच ही यंत्रणा बांधलेली आहे. शौचाचे दोन नमुने बर्फात घालून मुंबईसारख्या ठिकाणच्या प्रयोगशाळेत जातात, आणि बहुतेकांत पोलिओचा विषाणू सापडत नाही. गिया-बारेसारखे आजार निघतात. जाळं बारीक विणलं की मासळी जास्त दिसणारच.

पालकांनी खरा जाब विचारावा तो हलगर्जीपणाबद्दल. 2018 मध्ये गाझियाबादच्या एका कंपनीच्या थेंबांत, वगळलेला टाइप 2 पुन्हा आढळला. त्या कुप्या महाराष्ट्रातही आल्या होत्या. जानेवारी 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात 12 मुलांना थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. यांतलं काहीही लशीच्या दुष्परिणामांत मोडत नाही.