बावीस दिवस, दोन घरे

परदेशी स्थायिक झालेली मुले सुट्टीवर येणार म्हटले की आनंदाबरोबर दिवसांची ओढाताणही घरात येते. सासर, माहेर, लग्नकार्ये, खरेदी, सरकारी कामे... आणि बघता बघता सुट्टी संपते. ही वाटणी मने न दुखावता कशी करावी?

आमच्या इंदूरच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराआड कालनिर्णय टांगलेले असते. मुलीचे तिकीट निघाल्याचा फोन आला की मी त्यावर खुणा करायला बसते. खुणा पेन्सिलीने करते, कारण त्या किती वेळा खोडाव्या लागतात हे मला आता चांगलेच ठाऊक झाले आहे.

मुलगी न्यू जर्सीत असते. लग्न होऊन २०१० साली ती तिकडे गेली. सासर कोल्हापूरचे, माहेर इंदूरचे. विमान उतरते मुंबईला. म्हणजे एकाला महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर दक्षिणेकडे, तर दुसऱ्याला अवंतिका एक्सप्रेसने रात्रभर उत्तरेकडे. नकाशावर बोट ठेवून पाहिले तर मुंबई दोघांच्या मध्ये आहे, पण सुट्टीच्या हिशेबात ती कुणाच्याच वाट्याला येत नाही.

दिवसांचा हिशेब

२०१८ च्या डिसेंबरची गोष्ट सांगते. दोघांना मिळून बावीस दिवसांची रजा मिळाली होती. आपल्याला वाटते, अमेरिकेत काय कमी आहे! पण पगारी रजा द्यायलाच हवी असा देशभरासाठीचा कायदा तिथे नाही. रजा मालकाच्या धोरणावर. त्यामुळे सलग तीन आठवडे मिळाले तरी माणूस खूश असतो.

या बावीस दिवसांतले चार जाण्या-येण्यात गेले. तीन दिवस मुंबईत, जावयाच्या व्हिसाच्या शिक्क्यासाठी. तीन दिवस पुण्याला, त्यांच्या चुलतभावाचे लग्न होते. आठ दिवस कोल्हापूर. उरले चार. त्यातली एक रात्र गाडीत.

त्या चार दिवसांसाठी मी महिनाभर आधीपासून तयारी करत होते. चकल्या, अनारसे, तिच्या आवडीची शेव, नातीसाठी दुलई. नात तेव्हा पाच वर्षांची होती. आली ती पेंगुळलेली. मुलगी पलंगावर पडली ती दुपारी चारलाच उठली. संध्याकाळी मावशी भेटायला आली, रात्री शेजारच्या काकू. दुसऱ्या दिवशी खरेदी, तिसऱ्या दिवशी सराफ्यात खाणे. माझ्याशी निवांत बसून बोलायला तिला वेळच मिळाला नाही.

चौथ्या दिवशी ती बॅग भरत होती आणि माझ्या तोंडून निघून गेले, "इतकी घाई असेल तर यायचंच कशाला?"

ती क्षणभर थांबली. मग शांतपणे म्हणाली, "आई, तिकडे सगळे विचारतात, घरी कधी जाणार? इथे आले की सगळे विचारतात, परत कधी जाणार? माझं घर कुठलं गं?"

मला उत्तर सुचले नाही. स्टेशनवर निरोप देताना दोघींनीही तो विषय काढला नाही. परत गेल्यावर आठव्या दिवशी नातीला ताप भरला. तपासणीत टायफॉइड निघाला. कुठे बाधले हे कोण सांगणार? पण सराफ्यातली पाणीपुरी मीच आग्रहाने खाऊ घातली होती. 'आमची मुले हेच खाऊन मोठी झाली' हे माझे वाक्य मला कितीतरी दिवस टोचत राहिले.

मध्ये पडलेली भिंत

पुढची सुट्टी २०२० च्या उन्हाळ्यात ठरली होती. मार्चमध्ये करोनामुळे आपल्याकडची नियमित आंतरराष्ट्रीय विमाने बंद झाली, ती सुरू झाली थेट मार्च २०२२ मध्ये. मधल्या काळात मोजकी खास विमाने होती, पण प्रश्न फक्त तिकिटाचा नव्हता.

मे २०२१ मध्ये कोल्हापूरला आमचे व्याही गेले. त्याच महिन्याच्या ४ तारखेपासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्या, तिथले नागरिक नसलेल्या बहुतेक प्रवाशांना प्रवेश बंद केला होता. जावई निघाले असते तर येता आले असते, पण परत कधी जाता येईल याची खात्री नव्हती. नोकरी तिकडे, बायको-मुलगी तिकडे. एकुलत्या एका मुलाने वडिलांचे अंत्यदर्शन फोनच्या पडद्यावर घेतले. अग्नी पुतण्याने दिला.

त्या दिवसानंतर मी कालनिर्णयावरची जुनी पेन्सिलीची खूण आठवून फार वेळ बसले. आठ दिवस कोल्हापूर, चार दिवस इंदूर. त्या चार दिवसांसाठी मी मनातल्या मनात विहीणबाईंशी किती भांडले होते! आणि व्याह्यांना मुलाचा शेवटचा सहवास मिळाला तो त्याच आठ दिवसांत. ते मी कमी करू पाहत होते.

दोन विहिणींचा तह

२०२३ च्या जुलैमध्ये मुले यायची ठरली. न्यू जर्सीतल्या शाळा जूनच्या उत्तरार्धात बंद होतात आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतात. म्हणजे आपल्याकडे पावसाळा. आंबे संपलेले, दिवाळी लांब. पण डिसेंबरमध्ये नाताळची सुट्टी लहान आणि तिकिटे महाग, म्हणून जुलै.

मी पेन्सिल हातात घेणार तोच विहीणबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "ताई, या वेळी वाटणी नको. तुम्ही दोघं इकडंच या. पोरं आली की सगळीच एका घरात राहू. मग तुमच्याकडं मीबी येते त्यांच्यासंगं."

मी आधी गप्प बसले. लेकीच्या सासरी जाऊन राहायचे? आमच्या पिढीला हे जड जाते. पण हे म्हणाले, "त्या एकट्या आहेत. त्यांनी मोठेपणा दाखवला, आता आपण मागे हटायचं?"

आम्ही इंदूर-पुणे गाडीने निघालो आणि पुढे कोल्हापूर गाठले. नऊ दिवस एकत्र राहिलो. दिवसभर पाऊस, घरात दोन विहिणी, एक जावई, एक लेक आणि दहा वर्षांची नात. पहिले दोन दिवस मी पाहुण्यासारखी खुर्चीत बसून होते. तिसऱ्या दिवशी विहीणबाईंनी माझ्यापुढे मेथीची जुडी ठेवली आणि त्या क्षणी माझे अवघडलेपण गेले. मी आटवून नेलेला आमरस त्यांनी पुरवून पुरवून पाच दिवस वाढला. मुलगी दोन्ही आयांच्या मध्ये बसून भाजी निवडत होती. 'कधी निघणार' असे कुणी विचारले नाही.

तिथून सगळे मिळून इंदूरला आलो. विहीणबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा सकाळी पोहे-जिलेबी एकत्र खाल्ली आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावची बाई गोडाला हसली.

अनुभवातून शिकलेले

आमच्यासारखी अनेक घरे आहेत. बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबाद, नागपूर, कुठेही जा, एक तरी मूल परदेशात असतेच. त्यांच्यासाठी काही साध्या गोष्टी.

तिकिटाआधी बोला : मुलांनी तिकीट काढण्याआधी दोन्ही घरांशी एकाच वेळी बोलावे. एका घराला आधी आणि दुसऱ्याला नंतर कळले की रुसवा तिथेच सुरू होतो. घरातली लग्नकार्ये, मुंजी यांच्या तारखाही त्याच वेळी सांगून टाकाव्यात.

पहिले दिवस मोकळे सोडा : उन्हाळ्यात न्यू जर्सीचे घड्याळ आपल्यामागे साडेनऊ तास असते, हिवाळ्यात साडेदहा. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा जुलैत तिकडे दुपारचे साडेचार असतात. मूल मध्यरात्री उठून खेळायला मागते ते हट्टाने नव्हे. शरीराला नव्या वेळेत रुळायला आठवडाभरही लागतो. पहिले तीन दिवस कुणाला जेवायला बोलावू नका.

पोटाची काळजी घ्या : परदेशात वाढलेल्या मुलांना इथल्या पाण्याची सवय नसते. टायफॉइडची लस दोन वर्षांवरील मुलांना प्रवासाआधी किमान दोन आठवडे टोचून घ्यावी. मलेरियाविषयीही तिकडच्या डॉक्टरांना आधीच विचारावे. इथे पाणी उकळलेले द्यावे आणि बाहेर खायचेच असेल तर समोर गरम केलेले. यात आजीचा अपमान नाही.

कागदपत्रे तपासा : अमेरिकेत जन्मलेले मूल तिथले नागरिक असते. त्याला भारतात यायला व्हिसा किंवा ओसीआय कार्ड लागते. ही ओसीआय योजना २००५ पासून आहे आणि जुनी पीआयओ कार्डे २०१५ मध्ये तिच्यातच सामावली गेली. सोळा वर्षांखालील मुलाचा अमेरिकन पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, हे अनेकांच्या ऐन वेळी लक्षात येते. पालकांना व्हिसाचा शिक्का घ्यायचा असेल तर ते काम सुट्टीच्या सुरुवातीला उरकावे.

प्रेम वजनात मोजू नका : परतताना लाडू, लोणची, मसाले यांनी बॅगा फुगतात. सामानाची मर्यादा आधी पाहा. ताजी फळे आणि कढीपत्ता अमेरिकेत नेऊ देत नाहीत. झाडांवरच्या किडी आणि रोग तिकडे पोहोचू नयेत म्हणून हा नियम आहे. जवळ खाण्याचे जे काही असेल ते विमानतळावर सांगावे. लपवले तर दंड होऊ शकतो.

दुखणी लपवू नका : 'त्यांना कशाला काळजी' म्हणून आपण रक्तदाब, मधुमेह, मोतीबिंदू सगळे झाकून ठेवतो. मुले येतात तेव्हा एक सकाळ डॉक्टरांसाठी आणि एक सकाळ बँकेसाठी राखून ठेवा. खात्यावर वारस कोण, कागद कुठे आहेत, हे समोरासमोर सांगितलेले बरे. हे बोलणे अशुभ नाही.

मुलांसाठीही एक सांगणे आहे. आईवडिलांना भेटवस्तूंपेक्षा रिकामी दुपार द्या. फोन बाजूला ठेवून, काहीही न ठरवता, नुसते शेजारी पडून राहण्याची. माझ्या लेकीने कोल्हापूरच्या पावसात मला अशा तीन दुपारी दिल्या. २०१८ मधल्या माझ्या वाक्याबद्दल मी तिची क्षमा मागितली तीही अशाच एका दुपारी. ती म्हणाली, "मला आठवतच नाही." तिला आठवत होते, हे मला कळले.

निरोपानंतर

मुले गेली त्या रात्री विहीणबाई आमच्याकडेच होत्या. पूर्वी अशा रात्री मी पलंगाखाली राहिलेला नातीचा मोजा हातात घेऊन रडत बसायची. या वेळी आम्ही दोघींनी मिळून चादरी काढल्या, धुवायला टाकल्या, उरलेली भाजी गरम केली. विमान पोहोचल्याचा फोन येईपर्यंत झोप येणार नव्हती, म्हणून पत्ते काढले. हे तिसरा भिडू झाले.

फोन आला तेव्हा नातीने आधी विचारले, "दोन्ही आज्या एकत्रच आहात ना?"

त्या आणखी आठ दिवस राहिल्या. जाताना म्हणाल्या, "दिवाळीला तुम्ही या." मुले नसताना दिवाळीला कोल्हापूरला जाण्याचा विचार आमच्या मनात कधी आला नव्हता. आम्ही गेलो. कालनिर्णयावर ती खूण मी शाईने केली होती.