गाडीची ‘रेस’ वाढवून घेताय? आधी मोबाइलवर हे चार आकडे बघा

मागच्या डिसेंबरची गोष्ट. आम्ही भोरहून वरंधा घाटाने महाडकडे निघालो होतो. गाडी बाबांची, २००९ सालची पेट्रोल हॅचबॅक. चालवत मी होतो, मागे आई आणि आजी. उतारावर एका वळणाआधी क्लच दाबला, आरपीएमचा काटा खाली आला आणि ८०० च्या आसपास थांबायच्या ऐवजी सरळ शून्यावर गेला. इंजिन बंद! स्टिअरिंग एकदम दगडासारखं जड. ब्रेक पहिल्यांदा नेहमीसारखा लागला, पण नंतर पायावर सगळा जोर द्यावा लागला. गाडी कडेला थांबली, कुणाला काही झालं नाही. पण त्या दिवसानंतर आजी त्या गाडीत बसेना.

गॅरेजवाल्या दादांनी बॉनेट उघडलं, “रेस कमी आहे, वाढवून देतो,” म्हणाले आणि एक स्क्रू फिरवला. दोन मिनिटांत काम झालं. गाडी बंद पडायची थांबली, बाबा खूश. पण आठवडाभरात नवीन त्रास सुरू झाले. सिग्नलला इंजिन उगाच १४०० वर ओरडायचं. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की गाडी पुढे पळायची. एसी लावला की झटका बसायचा. पेट्रोलही जास्त लागत होतं. म्हणजे आजार तसाच होता, फक्त वरून पांघरूण घातलं होतं. शेवटी मी मोबाइल काढला आणि नेमकं काय चाललंय ते बघितलं.

आयडलिंग म्हणजे नेमकं काय?

एक्सलेटरवरून पाय काढल्यावरही इंजिन चालू राहतं, त्याला आयडलिंग म्हणतात. गरम झालेल्या छोट्या पेट्रोल इंजिनचं आयडलिंग साधारण ७०० ते ९०० आरपीएम असतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये सापडेल. काही गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवरही असतो.

एक्सलेटर दाबला की पेट्रोल वाढतं असं आपल्याला वाटतं. खरं तर पेट्रोल गाडीत पायाने आधी हवा वाढते. केबल थ्रॉटल बॉडीमधली गोल झडप उघडते आणि आत जाणारी हवा बघून गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. प्रमाण साधारण १४.७ ग्रॅम हवेला १ ग्रॅम पेट्रोल. म्हणजेच आयडलिंगचा सगळा खेळ हवेचा आहे.

पाय वर असताना ही झडप जवळजवळ बंद असते. मग इंजिन श्वास कुठून घेतं? झडपेच्या बाजूने एक बारीक वाट काढलेली असते. त्या वाटेवर बसलेला पहारेकरी म्हणजे आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह, थोडक्यात आयएसी. बऱ्याच गाड्यांत ती एक छोटी स्टेपर मोटर असते आणि तिच्या टोकाला निमुळती पिन असते. पिन मागे गेली की हवा वाढते, पुढे आली की कमी होते. तुम्ही एसी लावला की इंजिनवर बोजा येतो, लगेच ईसीयू पिन मागे घेतो. सकाळी थंड इंजिन आधी जास्त आरपीएमवर चालतं आणि तापल्यावर खाली येतं, ते यामुळेच.

मग स्क्रू फिरवायची सवय आली कुठून?

कार्बोरेटरच्या जमान्यातून. जुन्या बाईकवर तुम्ही कधी स्लो सेटिंग केलं असेल, तर तोच हा प्रकार. तिथे कॉम्प्युटर नाही, त्यामुळे स्क्रूनेच आयडलिंग ठरवावं लागतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटलवर दिसणारा स्क्रू मात्र आयडलिंगसाठी नसतो. झडप पूर्ण बंद होऊन भिंतीत अडकू नये, एवढंच त्याचं काम. तो कंपनीतच सेट करून येतो आणि अनेकदा त्यावर रंगाचा ठिपका असतो. आमच्या स्क्रूवरचा रंग तुटलेला होता.

मोबाइलवर काय दिसलं?

यासाठी ईएलएम ३२७ प्रकारचा ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर आणि लाइव्ह डेटा दाखवणारं अॅप लागतं. आयफोन असेल तर वाय-फाय किंवा ब्लूटूथ एलई वाला अडॅप्टर घ्या. सॉकेट बहुतेक वेळा स्टिअरिंगखाली असतं. भारतात ओबीडी एप्रिल २०१० पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं, त्यामुळे त्याआधीच्या काही गाड्या सॉकेट असूनही अॅपशी बोलत नाहीत. आमची बोलली, हे नशीब.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन गरम, एसी बंद. मी चार आकडे बघितले:

१. कूलंट तापमान: ९० अंश. म्हणजे इंजिन तापलेलं आहे, आता जास्त आरपीएमची गरज नाही.
२. आरपीएम: १४००.
३. थ्रॉटल पोझिशन: पाय पूर्ण वर असूनही ३ टक्के. आमच्या गाडीत तिथे ० हवं. काही गाड्यांत बंद झडपेचा आकडा मुळातच वेगळा असतो, म्हणून मॅन्युअलशी जुळवून बघा.
४. शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम: शून्याच्या आसपास वरखाली. म्हणजे पेट्रोल आणि हवेचं प्रमाण बिघडलेलं नाही.

घोळ तिसऱ्या आकड्यात होता. स्क्रूने झडप थोडी उघडी धरली होती, त्यामुळे ईसीयूला वाटत होतं की ड्रायव्हरचा पाय एक्सलेटरवर आहे. मग तो आयडलिंग सांभाळायच्या भानगडीतच पडत नव्हता. एसी लावल्यावर झटका बसायचा तो यामुळेच.

आम्ही काय केलं

ओळखीतल्या एका जुन्या फिटरकाकांना सोबत घेतलं. इंजिन थंड झाल्यावर, मोकळ्या जागेत काम सुरू केलं. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो.

• आधी एक्सलेटर केबल तपासली. पाय वर असताना तिला किंचित ढील हवी. ताणलेली केबलसुद्धा झडप उघडी धरते.

• हवेचे रबरी पाइप हाताने चाचपले, खास करून ब्रेक बूस्टरचा. चिरलेल्या पाइपमधून सूंऽऽ आवाज येतो आणि तिथून फुकटची हवा आत शिरते. आमचे पाइप ठीक होते.

• थ्रॉटल बॉडी उघडली. झडपेच्या कडेला काळी, तेलकट काजळी! इंजिनमधली तेलाची वाफ पुन्हा हवेच्या वाटेत सोडलेली असते, तिचाच हा थर. फडक्यावर थ्रॉटल क्लीनर मारून, मऊ ब्रशने साफ केलं. पेट्रोलने धुवू नका, आगीचा धोका असतो.

• बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून आयएसी सोडवला. पिनवर आणि तिच्या वाटेत काजळी घट्ट बसली होती. घाटात इंजिन बंद पडण्याचं मूळ कारण हे! ईसीयू पिन मागे घ्यायला सांगत होता, पण ती अडकत होती. फवारून, पुसून कोरडा केला. पिन हाताने ओढायची किंवा दाबायची नाही, आतली यंत्रणा खराब होते. बसवताना रबरी रिंग नवी टाकली.

• बॅटरी जोडून, इंजिन बंद आणि चावी ऑन ठेवून, मोबाइलवर बघत स्क्रू परत मूळ जागी आणला. स्क्रू लीव्हरला जेमतेम टेकतो, झडप भिंतीत अडकत नाही आणि आकडा ० दाखवतो, तिथे थांबलो.

शेवटची पायरी: ईसीयूला पुन्हा शिकवा

काजळी असताना ईसीयूने जी सवय लावून घेतली होती, ती साफसफाईनंतर चालत नाही. म्हणून साफ केल्यावर कधीकधी आरपीएम उलट वाढतो. घाबरून पुन्हा स्क्रूला हात लावू नका. आमच्या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह वायर पुन्हा काढून १५ मिनिटं ठेवली. मग सगळे दिवे आणि एसी बंद ठेवून, एक्सलेटरला पाय न लावता, रेडिएटरचा पंखा दोनदा लागेपर्यंत इंजिन चालू ठेवलं. त्यानंतर पाच मिनिटं एसी लावून. प्रत्येक गाडीची पद्धत थोडी वेगळी असते, मॅन्युअलमध्ये असेल तीच करा.

निकाल? आरपीएम ८५०. एसी लावल्यावर क्षणभर हलतो आणि ९५० वर स्थिर होतो. खर्च झाला स्प्रे, रबरी रिंग आणि काकांच्या चहाचा.

कुठे थांबायचं?

साफ करूनही गाडी बंद पडत असेल किंवा चेक इंजिनचा दिवा लागत असेल, तर चांगल्या मेकॅनिककडे जा आणि तुमचे आकडे त्याला दाखवा. नव्या गाड्यांत केबल नसते, झडप मोटरच फिरवते. ती चावी ऑन असताना बोटाने ढकलू नका, बोट आणि मोटर दोन्हीला धोका. अॅप बघायचं ते गाडी उभी असतानाच, आणि काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा, नाहीतर बॅटरी उतरते.

आणि चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलंच तर ब्रेक पुन्हा पुन्हा पंप करू नका. बूस्टरमधला साठा दोन-तीन दाबांत संपतो. एकदाच घट्ट दाबून धरा आणि गाडी कडेला घ्या.

गेल्या महिन्यात त्याच घाटाने पुन्हा गेलो. आजी आली, पण पुढच्या सीटवर बसली. म्हणाली, “काटा मी बघते, तू रस्ता बघ.”