पॅकेजांची यादी आणि शब्दसंग्रहाचा अनुक्रम

घनसावंगी परिसरातील बोलीचा एखादा शब्दसंग्रह दोन संगणकांवर अकारविल्हे लावला आणि दोन्ही अनुक्रम भिन्न निघाले, तर दोष संग्राहकाचाच असेल असे नाही. लिनक्स प्रणालीत वर्णानुक्रमाचे नियम 'जीलिबसी' या मूलभूत संग्रहाबरोबर येतात. त्याच्या ऑगस्ट २०१८ मधील २.२८ या आवृत्तीत ते नियम आयएसओ १४६५१ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या नव्या पाठानुसार बदलण्यात आले. तोच संग्रह, तोच आदेश, तरीही क्रम निराळा, असे त्यामुळे संभवते. ज्या तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान, तेथील बोलीच्या अभ्यासकाला हस्तलिखितांच्या पाठभेदांची सवय असतेच. यंत्रातील पाठभेदाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

त्याचा शोध घेण्याचे साधन सोपे आहे. इयान मरडॉक यांनी १९९३ मध्ये घोषित केलेल्या डेबियन प्रणालीत, आणि तिच्यापासून निघालेल्या उबुंटूत, आज्ञावल्या 'पॅकेज' या रूपाने बसविल्या जातात व त्यांची नोंद एका साध्या फाइलीत राहते. टर्मिनलवर 'डीपीकेजी' आणि त्यापुढे आडव्या रेघेसह लहान 'एल' लिहिला, की ती नोंद ओळीओळीने उमटते. मोठा 'एल' लिहिल्यास मात्र अर्थ पालटतो: मग एखाद्या पॅकेजातील फाइलींची यादी मागितली, असे यंत्र समजते.

प्रत्येक ओळीच्या आरंभी दोन अक्षरे असतात. पहिले काय व्हावे ते सांगते, दुसरे काय आहे ते. व्याकरणाच्या परिभाषेत एक आज्ञार्थाचे, दुसरे स्वार्थाचे. 'आय-आय' म्हणजे बसवावे ही आज्ञा, आणि बसलेले आहे ही वस्तुस्थिती. 'आर-सी' या जोडीत काढण्याची आज्ञा पाळली गेली आहे, परंतु मांडणीच्या फाइली मागे उरल्या आहेत. सबब केवळ ओळी मोजून पॅकेजांची संख्या सांगणे चुकीचे ठरते.

'एपीटी लिस्ट' आणि त्यापुढे दोन आडव्या रेघांसह 'इन्स्टॉल्ड' हा आदेश अधिक सुवाच्य आहे. कोणते पॅकेज दुसऱ्याच्या गरजेपोटी आपोआप आले, हेही तो दर्शवितो. तथापि त्याच्या मांडणीच्या स्थैर्याची हमी नाही. तसा इशारा तो स्वतःच देतो. जतन करावयाच्या नोंदीसाठी 'डीपीकेजी-क्वेरी' व आडव्या रेघेसह मोठा 'डब्ल्यू' योजावा. नाव व आवृत्ती एवढेच मिळते, आणि तेवढे पुरते. ही नोंद दिनांकासह शब्दसंग्रहाजवळ ठेवल्यास दोन यंत्रांच्या याद्या ताडून 'जीलिबसी'ची आवृत्ती कोठे बदलली हे क्षणात कळते.

यादीलाही मर्यादा आहे. वापरणाऱ्याने स्वतःच्या फोल्डरात हाताने उतरवून घेतलेला टंक तीत दिसत नाही. तसेच 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन रीतींनी संकेतबद्ध होतो: नुक्त्याच्या र ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त व अदृश्य संयोजक जोडून. डोळ्यांना दोन्ही एकच. यंत्राच्या लेखी ते दोन शब्द. हा भेद संहितेतला आहे, आणि तो पॅकेजांच्या यादीत नव्हे, शब्दसंग्रहातच शोधावा लागतो.