जुनी मस्टँग की नवी? उत्तर मागच्या चाकांपाशी

अमेरिकेत वापरलेली फोर्ड मस्टँग शोधणारा माणूस बहुधा एका सालापाशी येऊन अडखळतो: २०१५. त्याआधीची, म्हणजे २०११ ते २०१४ मधली मस्टँग जीटी घ्यावी, की नंतरची? दोन्हींत पाच लिटरचं तेच व्ही-८ इंजिन आहे, फोर्डमध्ये ‘कायोटी’ या नावाने ओळखलं जाणारं. २०११ मध्ये ते ४१२ अश्वशक्ती देत होतं, २०१५ मध्ये ४३५. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतरही जसंच्या तसं राहिलं. खरा बदल झाला तो डिकीच्या खाली, जिथे गाडी विकत घेणारे सहसा वाकूनही पाहत नाहीत.

२०१४ पर्यंतच्या मस्टँगमध्ये मागची दोन्ही चाकं एकाच जाडजूड पोलादी हौसिंगच्या दोन टोकांना बसवलेली असत, बैलगाडीची चाकं कण्याला असतात तशी. इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटून देणारं डिफरन्शियलही त्याच हौसिंगच्या पोटात. याला ‘लाइव्ह ॲक्सल’ किंवा ‘सॉलिड ॲक्सल’ म्हणतात. रचना साधी, दणकट आणि स्वस्त. पण उजवं चाक खड्ड्यात गेलं की डावंही थोडं तिरकं होतं, कारण दोन्ही एकमेकांना बांधलेली. शिवाय डिफरन्शियलसकट सगळा अवजड ऐवज चाकांबरोबर वर-खाली नाचतो. त्याला आवर घालणं स्प्रिंगांना आणि शॉकअपना जड जातं.

२०१५ मध्ये डिफरन्शियल गाडीच्या सांगाड्याखालच्या चौकटीला घट्ट बसवलं गेलं आणि प्रत्येक चाकाला आपापल्या दांड्यांवर मोकळेपणी हलता येऊ लागलं. हेच स्वतंत्र सस्पेन्शन. वळणात मधेच रस्ता उखडलेला असेल, तर जुन्या मस्टँगचं बूड किंचित बाजूला उडी मारतं आणि चालवणाऱ्याची पकड स्टिअरिंगवर आपोआप घट्ट होते. नवी तिथून निमूट निघून जाते. ही सुधारणा एवढी मोठी होती की तिच्यापुढे पुढची बाजू उणी दिसू लागली आणि फोर्डला पुढचं सस्पेन्शनही नव्याने आखावं लागलं.

मग ही अक्कल इतक्या उशिरा का सुचली? सुचली तर फार आधीच होती. शेव्हर्लेच्या कॉर्व्हेटला १९६३ मध्येच मागे स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं होतं. मस्टँग आली १७ एप्रिल १९६४ ला, न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात. पण ती तरुणांच्या खिशाला परवडावी म्हणून फोर्डच्याच फाल्कन या साध्या मोटारीच्या सुट्या भागांवर उभी केलेली होती. मागे सॉलिड ॲक्सल आणि त्याला ट्रकसारखे पाटे. १९७९ च्या मॉडेलमध्ये पाटे जाऊन कॉइल स्प्रिंगा आल्या, ॲक्सल मात्र टिकला. २००५ मध्ये गाडी पूर्णपणे नवी केली, तरी तोच ॲक्सल तीन दांड्या आणि एक आडवी ‘पॅनहार्ड’ दांडी लावून पुन्हा बसवला. कमी किमतीत जास्त ताकद हा मस्टँगचा धंदाच होता, आणि वाचलेला पैसा इंजिनात घालणं गिऱ्हाइकाला पसंत होतं.

मधे एकदा प्रयोग झाला. १९९९ च्या मस्टँग कोब्राला फोर्डने स्वतंत्र सस्पेन्शन दिलं, पण त्याची चौकट सॉलिड ॲक्सलच्याच जागी बोल्टने बसेल अशी बेतलेली होती. २००३ च्या कोब्रामध्ये सुपरचार्जर आला, ताकद ३९० अश्वशक्ती झाली आणि सरळ पट्टीवरच्या ड्रॅग शर्यतीत एक दुखणं उघडं पडलं. क्लच सोडताच मागची चाकं पकड घेत, सोडत, पुन्हा घेत. गाडीचा मागचा भाग धडधडे. याला ‘व्हील हॉप’ म्हणतात. दांड्यांच्या सांध्यांतले रबरी बुश दाबले-पिळले जातात, त्यातून ही थरथर वाढत जाते आणि चाकांकडे जाणारे शाफ्ट तुटूही शकतात. कित्येक ड्रॅगवाल्यांनी तो नवा, महागडा सरंजाम उतरवला आणि त्याच भोकांत जुना ॲक्सल बसवला!

त्यांना हसण्याचं कारण नाही. गाडी झेपावताना मागे दबते, तेव्हा स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये चाकं थोडी कलतात; सॉलिड ॲक्सलवर दोन्ही टायर रस्त्यावर सपाट टेकलेले राहतात. फोर्डलाही हे पुरतं ठाऊक आहे. २०१८ मध्ये कंपनीने खास ड्रॅग शर्यतीसाठी बनवलेली ६८ मस्टँग कोब्रा जेट विकायला काढली. रूप नव्या मस्टँगचं, मागे सॉलिड ॲक्सल.

जुनी फक्त सरळच पळते, हा समजही तपासून पाहावा. २०१२ ची मस्टँग बॉस ३०२ बनवताना फोर्डने कॅलिफोर्नियातल्या लागुना सेका ट्रॅकवर बीएमडब्ल्यूच्या एम-३ ला गाठायचं ठरवलं होतं. एम-३ ला मागे स्वतंत्र सस्पेन्शन, बॉसला सॉलिड ॲक्सल, तरी बॉस तिच्या तोडीची ठरली. ट्रॅक गुळगुळीत असतो आणि तिथे नीट जुळवलेल्या स्प्रिंगा, शॉकअप आणि टायर पुष्कळ काही झाकून नेतात. रोजच्या कामावर जाण्याचा रस्ता एवढा दयाळू नसतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा फरक अजमावायला अमेरिका गाठायला नको. महिंद्राच्या चाकणच्या कारखान्यात दोन्ही पंथ नांदतात: स्कॉर्पिओ-एनला मागे पाच दांड्यांनी सांभाळलेला सलग ॲक्सल, तर एक्सयूव्ही ७०० ला स्वतंत्र सस्पेन्शन. मस्टँगबाबत मात्र भारतात निवड अशी उरतच नाही. कारखान्यातून उजव्या स्टिअरिंगची निघालेली पहिली मस्टँग ही २०१५ चीच पिढी. भारतात ती अधिकृतपणे २०१६ मध्ये आली, दिल्लीत सुमारे ६५ लाख रुपयांना. जुनी की नवी हा प्रश्न खरोखर पडतो तो न्यू जर्सीत किंवा टेक्सासात स्थिरावलेल्या मराठी शौकिनाला. त्याने रोज हीच गाडी चालवायची असेल, मागे मुलं बसणार असतील, थंडीने फुटलेले रस्ते वाट्याला येणार असतील, तर थोडे जास्त पैसे मोजून २०१५ नंतरचीच घ्यावी. पैसे मोजके असतील, गाडी हौसेपुरती हवी असेल आणि गॅरेजमध्ये स्वतः हात काळे करायची आवड असेल, तर २०१३ किंवा २०१४ ची जीटी फार समाधान देते; तेव्हा इंजिनही ४२० अश्वशक्तीपर्यंत पोचलं होतं.

कोणतीही पाहिली तरी ती लिफ्टवर चढवून घ्यावी. जुनीत ॲक्सलच्या दांड्यांचे बुश फाटलेत का आणि पॅनहार्ड दांडी सैल झाली आहे का, हे पाहिलं की मागचं बरंचसं काम संपतं. नवीत बुश आणि सांधे जास्त, म्हणून खर्चही जास्त. तिची मागची चाकंही अलाइनमेंटला येतात. गाडी खाली बसवण्यासाठी कुणी आखूड स्प्रिंगा टाकल्या असतील आणि अलाइनमेंट करून घेतलं नसेल, तर मागचे टायर आतल्या कडेला झिजलेले सापडतात. बाहेरून ते कोरे दिसतात, म्हणून टायरच्या आतल्या बाजूवरून हात फिरवावा आणि मगच किमतीची बोलणी सुरू करावीत.