गजकर्णाला खतपाणी

नांदेड-लातूरकडे गजकर्ण झाले की डॉक्टरची चिठ्ठी न घेताच दुकानातून मलमाची नळी आणण्याची चाल आहे. अशा मलमांत बुरशीनाशकाबरोबर पुष्कळदा स्टिरॉइडही असते. त्याने खाज तत्काळ शमते. पण त्वचेचा प्रतिकार मंदावतो आणि बुरशी फोफावते. २०२० मध्ये नामकरण झालेली ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ तर टर्बिनाफिनलाही अनेकदा जुमानत नाही. तिच्या नावात भारत आहे, हे काही भूषण नव्हे! कपडे रोज धुऊन उन्हात वाळवा, हा डॉक्टरांचा उपदेश रास्तच. पण २०१६ साली ज्या लातुराला आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे टंचाईच्या दिवसांत तो पाळायचा कसा? स्टिरॉइडची मलमे चिठ्ठीविना विकू नयेत, हा नियम २०१८ पासून आहे. दुकानांतून तो पाळला जातो की नाही, हे औषध निरीक्षकांनी स्वतः जाऊन पाहावे, अशी आमची मागणी आहे.