यंत्राचा हात, माणसाचा विवेक

ग्रहसंशोधनाचा विषय निघाला की एक वाद हमखास उपस्थित होतो. परग्रहावर माणूस पाठवावा की यंत्र? यंत्राचे पक्षपाती खर्चाचा आणि जिवाच्या जोखमीचा हिशेब मांडतात. माणसाचे पक्षपाती त्याच्या दृष्टीचा आणि निर्णयशक्तीचा दाखला देतात. आम्ही इतिहासाचे अध्यापक. यंत्रशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तथापि गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास तपासला असता या वादातून एक तिसरा मार्ग निघताना दिसतो. माणसाने ग्रहाच्या जवळ जावे आणि पृष्ठभागावर त्याने चालविलेल्या यंत्रमानवाने उतरावे, असा तो मार्ग होय.

दूरनियंत्रणाचा आरंभ अंतराळात झालेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत किरणोत्सारी पदार्थ हाताळण्याचा प्रश्न उभा राहिला. त्यांना प्रत्यक्ष हात लावणे जिवावर बेतणारे होते. तेव्हा रेमंड गोर्ट्झ यांनी जाड संरक्षक भिंतीपलीकडे यांत्रिक हात बसविले. अलीकडे माणूस जी हालचाल करी, तीच पलीकडे यंत्राचा हात करी आणि पकडलेल्या वस्तूचा जोर माणसाच्या हाताला जाणवे. या जोडीला अभियंत्यांनी ‘मालक आणि गुलाम’ असे नाव दिले. माणसाने माणसाला गुलाम केल्याचा इतिहास शिकविणाऱ्या आम्हांला हे नाव खटकते. आता कित्येक अभियंतेही ते टाळू लागले आहेत. नावामागील विचार मात्र मोलाचा होता. धोका यंत्राने पत्करावा, निर्णय माणसाने घ्यावा.

हा विचार चंद्रावर नेला सोव्हिएत संघाने. १७ नोव्हेंबर १९७० रोजी लुनोखोद-१ हे आठ चाकांचे वाहन चंद्रावर उतरले. त्याचे चालक मात्र पृथ्वीवर, क्रायमियातील नियंत्रण केंद्रात बसलेले होते. नायक, चालक, दिशादर्शक, अभियंता आणि अँटेना सांभाळणारा असे पाच जणांचे ते पथक असे. चंद्र सुमारे ३,८४,४०० किलोमीटर दूर आहे. प्रकाशाच्या वेगाने धावणाऱ्या रेडिओ संदेशालाही तेथे जाऊन परत येण्यास अडीच सेकंदांहून थोडा अधिक काळ लागतो. शिवाय त्या वाहनाकडून येणारी चित्रे सलग नसत. काही सेकंदांच्या अंतराने एकेक चित्र येई. चालकाच्या डोळ्यांपुढे असे तो भूतकाळ. समोर दगड दिसला आणि थांबण्याची आज्ञा दिली, तरी ती पोहोचेपर्यंत वाहन पुढे सरकलेले असे. अशा स्थितीत लुनोखोद-१ने सुमारे दहा महिन्यांत साडेदहा किलोमीटर अंतर कापले. १९७३ मध्ये लुनोखोद-२ सुमारे ३९ किलोमीटर चालले. पुढे त्याचे उघडे झाकण एका विवराच्या कडेला घासले, त्यावर माती पडली आणि झाकण मिटताच ती उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावर सांडली. वाहन तापून निकामी झाले.

याच काळातील दुसरा दाखला पाहा. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७चे सर्नन आणि श्मिट चंद्रावर तीन दिवस राहिले. यानाबाहेर ते जेमतेम बावीस तास होते, परंतु तेवढ्यात त्यांनी आपल्या वाहनातून सुमारे ३५ किलोमीटरची फिरती केली. श्मिट स्वतः भूशास्त्रज्ञ होते. एका विवराच्या काठाशी उकरल्या गेलेल्या करड्या मातीत त्यांना नारिंगी छटा दिसली, आणि तेथेच थांबून त्यांनी नमुने घेतले. ते प्राचीन ज्वालामुखीतून उसळलेल्या काचेचे सूक्ष्म मणी निघाले. दिसले, उमगले आणि हात पुढे झाला. या तीन क्रियांमध्ये अंतर नव्हते, हेच त्या यशाचे मर्म होय.

मंगळाच्या बाबतीत हे अंतर फारच वाढते. पृथ्वी आणि मंगळ यांच्या बदलत्या स्थितीनुसार एका बाजूच्या संदेशाला ३ ते २२ मिनिटे लागतात. प्रश्न विचारून उत्तर मिळेपर्यंत पाऊण तासही जाऊ शकतो. त्यामुळे तेथील वाहने हाताने हाकणे अशक्य आहे. दिवसभराच्या आज्ञा एकदम पाठवायच्या, निकालाची वाट पाहायची आणि मग दुसऱ्या दिवसाची योजना आखायची. २००४ मध्ये उतरलेली ऑपॉर्च्युनिटी गाडी या रीतीने चौदा वर्षांत ४५ किलोमीटर चालली. यंत्राची चिकाटी थोर खरीच. पण भूशास्त्रज्ञाचे डोळे त्याच्या हातापासून कोट्यवधी किलोमीटर दूर होते.

यावर नासाचे जेफ्री लँडिस आदी संशोधकांनी सुचविलेला उपाय असा की, अंतराळवीरांनी मंगळाच्या कक्षेत राहावे आणि तेथून पृष्ठभागावरील यंत्रमानव चालवावेत. सुमारे १७,००० किलोमीटर उंचीवर मंगळाची स्थिर कक्षा आहे. तेथील यान मंगळावरील एकाच भागाच्या माथ्यावर राहते. तेथून संदेश जाऊन येण्यास सेकंदाचा नववा हिस्सा पुरतो. अशा वेळी यंत्राचा हात जवळजवळ आपलाच वाटू लागतो.

या कल्पनेची तालीम आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर झालेली आहे. २०१३ मध्ये तेथील अंतराळवीरांनी कॅलिफोर्नियातील एक गाडी चालवून रेडिओ अँटेनाची पातळ पट्टी जमिनीवर अंथरली. सप्टेंबर २०१५ मध्ये डेन्मार्कचे अँड्रियास मोगेन्सन यांनी नेदरलँड्समधील यंत्राकरवी धातूची खुंटी एका छिद्रात बसविली. दोहोंमधील फट मिलिमीटरच्या सहाव्या हिश्श्याहून कमी होती. डोळ्यांवर विसंबून ते साधले नसते. खुंटीचा अडथळा त्यांच्या हाताला जाणवत होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये लुका पार्मितानो यांनी पृथ्वीवरील भूशास्त्रज्ञांशी बोलत, याच प्रकारे, खडकांचे नमुने निवडून उचलले.

कक्षेत राहण्याचे आणखी दोन लाभ आहेत. मंगळावर माणसे उतरविणे आणि तेथून पुन्हा उड्डाण करणे हा मोहिमेचा अत्यंत अवघड भाग; तो टळतो. दुसरा लाभ आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. माणसाच्या शरीरावर आणि शरीरात अब्जावधी सूक्ष्मजीव वास करतात. यंत्र निर्जंतुक करता येते, माणूस नाही. मंगळावर जीवसृष्टीचा काही अंश असेल, तर आपल्याच पावलांनी तो पुरावा कायमचा भ्रष्ट होण्याचा धोका आहे. १९६७च्या अंतराळ करारानेही परग्रहांचे हानिकारक प्रदूषण टाळण्याचे बंधन राष्ट्रांवर घातले आहे. नव्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्यांनी तेथे आधीपासून असलेल्या जीवनाचा विचार केला नाही, तर काय घडते, हे इतिहासाने पुरेसे दाखविले आहे.

या मार्गाला मर्यादाही आहेत. कक्षेतील माणसाला किरणोत्सर्ग आणि वजनरहित अवस्था दीर्घकाळ सोसावी लागेल. प्रवासाचा धोका तर चुकत नाहीच. यंत्राची बोटे अद्याप माणसाच्या बोटांइतकी निपुण झालेली नाहीत. म्हणून हा मार्ग माणसाच्या पदार्पणाला पर्याय नसून त्यापूर्वीची पायरी मानावा, हे आम्हांला योग्य वाटते. आधी नीट पाहावे, तपासावे, आणि मग उतरावे.

ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या प्रज्ञान गाडीपुढे चार मीटर रुंदीचे विवर आले, तेव्हा पृथ्वीवरून आज्ञा देऊन तिला माघारी वळविण्यात आले. यंत्र तेथे, विवेक येथे, हा अनुभव भारतालाही आता नवा नाही. पुढील मोहिमांना अभियंत्यांबरोबरच खडक ओळखणारे, सूक्ष्मजीव जाणणारे आणि योग्य वेळी थांबण्याचा निर्णय घेऊ शकणारे लोक लागणार आहेत. आपल्या घरातील मुलगा वा मुलगी दगड, किडे, यंत्रे यांविषयी प्रश्न विचारीत असेल, तर पालकांनी त्या प्रश्नांना वेळ द्यावा. त्या कामाची तयारी तेथूनच सुरू होते.