डहाणूच्या हिरवाईचे विश्वस्त

विरारहून उत्तरेस निघालेली गाडी वैतरणेवरचा पूल ओलांडू लागली, की आपला मुलूख आला असे आम्हांस वाटते. सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी ही स्थानके मागे पडतात, बोईसरला तारापूरच्या औद्योगिक वसाहतीची धुराडी दिसू लागतात, आणि वाणगावपासून पुढे पाहावे तो भातखाचरे, ताडांच्या रांगा व चिकूच्या वाड्या. सुटीत घरी येणारी मुले विचारतात, कारखाने बोईसरलाच का थांबले? याचे उत्तर भूगोलात सापडावयाचे नाही.

गावोगावी पुढाऱ्यांची स्मारके उभी राहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु आमच्या मते डहाणूवर ज्यांचे ऋण सर्वांत मोठे, ते गृहस्थ डहाणूचे नव्हते आणि पुढारीही नव्हते. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांचा जन्म १९२७ साली रायपूर येथे झाला. सर्वोदयी विचारवंत दादा धर्माधिकारी हे त्यांचे तीर्थरूप. बेचाळीसच्या आंदोलनात विद्यार्थिदशेतच त्यांनी उडी घेतली. १९७२ पासून १९८९ पर्यंत ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते, व आणीबाणीच्या काळात स्थानबद्धांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या मोजक्या न्यायाधीशांत त्यांची गणना होते. एवढ्या कर्तृत्वावर कोणीही संतोषाने विश्रांती घेतली असती!

इकडे जून १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, घातक उद्योगांस मज्जाव केला, आणि उद्योगांसाठी उभ्या तालुक्यात पाचशे एकरांची मर्यादा घातली. कागदावरचा नियम आणि त्याचा अंमल यांत किती अंतर असते, हे वाचकांस सांगावयास नको. बिट्टू सहगल यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या ऑक्टोबरात निर्णय दिला व त्या अंमलासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमावयास सांगितले. डिसेंबरात ते स्थापन झाले आणि त्याचे अध्यक्षपद धर्माधिकारींकडे आले. वय एकोणसत्तर!

प्राधिकरणाच्या बैठका सामान्य माणसासही खुल्या असत. वाडीवाला, मच्छीमार, पाड्यावरचा वारली, ज्याचे जे गाऱ्हाणे असेल ते त्याने तेथे मांडावे.

त्यांच्या चिकाटीची खरी कसोटी लागली ती औष्णिक वीजकेंद्राच्या प्रकरणी. पाचशे मेगावॅटचे हे केंद्र डहाणूच्या खाडीकाठी उभे आहे. कोळसा जळताना निघणारा गंधकाचा वायू धुराबरोबर वर जातो, आणि आसपासच्या वाड्यांवर व माणसांच्या फुफ्फुसांवर त्याचा परिणाम होतो. हा धूर समुद्राच्या पाण्याने धुऊन काढणारे यंत्र बसवावे, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ साली दिला. यंत्र महागडे, कंपनी बलाढ्य. ते प्रत्यक्ष सुरू झाले २००७ साली! मध्ये आठ वर्षे गेली. अशा वेळी ‘पाहू पुढे’ म्हणून कागद बासनात बांधून ठेवणे फार सोपे असते. या वृद्ध न्यायमूर्तींनी तो बांधू दिला नाही. डहाणूकरांच्या स्मरणात त्यांचे हेच काम प्रथम राहावे असे आम्हांस वाटते; बंदराचा निर्णय अधिक गाजला, एवढेच.

तो निर्णय १९९८ चा. वाढवण येथे प्रचंड बंदर बांधण्याची योजना एका परदेशी कंपनीने मांडली होती. संरक्षित तालुक्यात असे बंदर बसत नाही, असे प्राधिकरणाने स्पष्ट सांगितले आणि योजना मागे पडली. समुद्रावर पोट असणाऱ्या गावांनी तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला.

३ जानेवारी २०१९ रोजी धर्माधिकारींचे निधन झाले. तोवर बावीस वर्षे हे काम त्यांनी वाहिले. वाढवणचा प्रश्न मात्र पुन्हा उभा राहिला. त्याच प्राधिकरणाने, आता दुसऱ्या अध्यक्षांच्या हाताखाली, जुलै २०२३ मध्ये नव्या बंदरास अटींसह संमती दिली. सुमारे शहात्तर हजार कोटींच्या या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते झाली. मच्छीमारांचा विरोध त्या वेळीही होताच.

आमच्या घरातही यावर एकमत नाही. धाकटा पुतण्या रोज पहाटेची गाडी धरून मुंबईस नोकरीला जातो. “आप्पा, चिकूवर कितीजणांची पोटे भरणार? बंदर झाले तर आम्हांला घरी राहता येईल,” असे तो म्हणतो, आणि त्याचे म्हणणे सर्वस्वी खोटे आहे असे आम्हांस म्हणवत नाही. थोरल्या वहिनींचे माहेर डहाणूच्या किनाऱ्यावर; त्या एवढेच विचारतात, “आणि मासेमाऱ्याच्या पोराने कोठे जावे?” गेल्या गणपतीत आरतीनंतर हा वाद रात्री बारापर्यंत चालला. यंदाही चालेल.